दुपट्ट्याखालचा सौदा

मार्गशीर्षातल्या सकाळी ओल्या कोळशाला एक वास येतो. विझवलेल्या चुलीचा नव्हे, लोहाराच्या भट्टीचाही नव्हे. युगानुयुगे बंद असलेल्या घराचे दार उघडावे आणि आतली थंड, किंचित गंधकी हवा अंगावर यावी, तसा तो वास. आमच्या चांद्याकडे धुके फार खाली उतरते. सागाच्या रुंद पानांवरून दव ठिबकत राहते आणि खाणीच्या तोंडाशी रचलेल्या ढिगावर धुके असे बसते, की ढीग कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झाले ते कळू नये. लोकांना हे जंगल आठवते पळसाच्या फुलांनी, मोहाच्या गंधाने. मला ते कोळशाच्या वासाने आठवते. काय करावे! ज्याचे नाक त्याच्यापाशी.

त्या धुक्यातून बायांची एक ओळ चाललेली असे. ढिगापासून रेल्वेच्या वाघिणीपर्यंत एक लांब फळी तिरकी टाकलेली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कोळशाची टोपली, आणि एकीच्या मागे एक अशा त्या फळीवर चढत. टोपली रिती करून दुसऱ्या बाजूने उतरत, पुन्हा ढिगाशी वाकत. त्या ओळीत माझी थोरली बहीण गोदाबाई होती. मी लहान असताना तिने मला कडेवर घेऊन तलावाच्या पाळीवरून फिरवले होते. आता तिची मान एका अंगाला कायमची कलली होती. ओझे हलके मानावे, असे सांगणारे मी पुष्कळ ऐकले आहेत. ओझ्याचे तत्त्वज्ञान नेहमी रिकाम्या डोक्याच्या माणसांनीच का सांगावे?

आम्ही पोंभुर्ण्याच्या बाजूचे ढिवर. तलावात जाळे टाकावे, मासळी विकावी, हा घरचा धंदा. मला जाळ्यापेक्षा बैलगाडीच्या चाकात गोडी वाटली. आधी चाके केली, मग आरा यंत्रावर राबलो, मग चांद्याला स्वतःची टिनाची शेड घातली. कुणाच्या शिफारशीने नाही, कुणाच्या दयेने नाही. माझ्या रागाविषयी तुम्ही ऐकले असेल. ते खरे आहे. माझ्या घासाघिशीविषयी ऐकले असेल, तेही खरे आहे. लाकूडबाजारात मला येताना पाहून काही व्यापारी चहा सांगत आणि काही दुकान सोडून आत जात. ज्याच्यामागे बाप-आज्याचे नाव नसते, त्याच्याजवळ आवाजाशिवाय दुसरे काय असते?

गोदाबाईची मान पाहून मी ढिगापासून वाघिणीपर्यंत कोळसा वाहून नेणारा एक फिरता पट्टा करायचे मनात घेतले. रबराचा पट्टा कलकत्त्याहून येई. तो आपल्या आवाक्यातला नव्हता. वरोऱ्याला एक कापसाचा जिन मोडीत निघाला होता. तिथले फिटर करीमभाई माझे जुने स्नेही. त्यांनी जिनच्या लांब साखळ्या शोधून दिल्या आणि त्या दोन साखळ्यांमध्ये मी सागाच्या फळ्या शेजारी शेजारी ठोकल्या. फिरत राहणारी, न संपणारी लाकडी वाट! चढणीवर कोळसा मागे गडगडे, म्हणून फळ्यांवर आडव्या पट्ट्या बसवल्या. साखळी ताणली की ओढ एकीकडे जाई, सैल सोडली की चाकाच्या दातांवरून सुटे. करीमभाई कानावर विडी खोचून म्हणत, "भाऊ, ये मशीन नहीं, सासुरवाडी है. ना जास्ती खिंचो, ना ढील दो."

पण पट्टा नुसता ओझे वाहण्यासाठी नव्हता. बायांची टोपली गेली तर बायांचे काय, हा प्रश्न माझ्या आधी गोदाबाईनेच विचारला होता. "भाऊ, तू आमची मान सोडवून राह्यला का आमचं पोट?" तिचे म्हणणे मला झोंबले. म्हणून वाघिणीकडे चढण्याआधी मी पट्टा बऱ्याच अंतरापर्यंत सपाट ठेवला. दोन्ही अंगांना बायांनी बसावे, समोरून जाणाऱ्या कोळशातला दगड ओळखावा, उचलावा, मागे टाकावा. दगड नसलेल्या कोळशाला चढा भाव असतो. रुंदी किती ठेवावी? तर गोदाबाईचा हात मधोमध पोचेल एवढी. गती किती? तर तिने दगड पाहिला, हात घातला, उचलला, टाकला आणि नजर परत आणली, एवढ्यात दुसरा दगड निसटू नये एवढी. माझ्या शेडमध्ये तिला बसवून, गती जुळावी म्हणून मी पट्टा ओढणाऱ्या इंजिनाची पुली कितीदा बदलली असेल! शेवटी ती हसली. म्हणाली, "आता बरोबर हाय. आता तुह्या मशीनले माणूस दिसते."

यंत्राची गती ही लोखंडाची गोष्ट आहे, असे लोक समजतात. ती हाताची गोष्ट आहे, डोळ्याची आहे. जो यंत्र आखतो, तो खरे तर कुणाला जागा द्यायची आणि कुणाला नाही, हे आखत असतो.

खाणीचा मालक पूर्वी बैलांचा दलाल होता. बैलबाजार तुम्ही पाहिला असेल, तर तिथला सौदाही पाहिला असेल. किंवा पाहिला नसेल, कारण तो दिसतच नाही. दोघे समोरासमोर बसतात, हातांवर दुपट्टा टाकतात आणि आत एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगतात. भोवती माणसांची गर्दी, पण कानांना काही ऐकू येत नाही. हात सुटला की सौदा झाला. मग आभाळ कोसळले तरी शब्द फिरत नाही. आमच्या मुलखात कितीतरी बैल या रीतीने गेले, आणि रीत मोडल्याचे मी तरी ऐकले नव्हते.

मी खाणीवर नेऊन मांडलेला पट्टा मालकाने चालताना पाहिला आणि खांद्यावरचा दुपट्टा काढला. "या मिस्त्री, आपल्या रीतीनं बोलू." मला ते आवडले, खोटे कशाला बोलू? ठेकेदार-इंजिनियरांशी तो कागदावर बोले. माझ्याशी हातावर बोलला. पट्ट्याचा भाव ठरला. पण मी हात सोडला नाही. मी मोठ्याने म्हणालो, "आता बाया," आणि पट्ट्याशी किती बाया कायम बसतील तो आकडा दाबला. त्याने कमी दाबला. मी पुन्हा दाबला. बराच वेळ आमचे हात त्या कापडाखाली झुंजत होते. बाया फळीशी टोपल्या टेकवून पाहत उभ्या होत्या. आपले नशीब त्या दुपट्ट्याखाली हलताना त्यांना दिसत होते आणि वाचता येत नव्हते. शेवटी त्याने माझा आकडा माझ्या हातावर परत दाबला. एकही बाई कमी नाही! मी हात सोडला. आयुष्यात इतका चांगला सौदा मी केला नव्हता.

काही महिने पट्टा माझ्या गतीने चालला. बाया बसून काम करत, एकमेकींची थट्टा करत. गोदाबाईची मान सरळ झाली नाही, पण दुखायची राहिली. मग मी लाकूड आणायला आलापल्लीच्या जंगलात गेलो, आणि परत येऊन खाणीवर गेलो तेव्हा दुरूनच साखळीचा आवाज मला परका वाटला. इंजिनावर मोठी पुली चढवली होती. पट्टा पळत होता. बायांचे हात दगडामागे धावत होते आणि दगड पुढे निघून जात होते. मुकादम ओरडत होता, "हात चालवा, हात! झोपल्या काय?" पुढच्या पगारालाच बाया मंद आहेत, असे ठरले. त्या गेल्या. दगड कोळशाबरोबर वाघिणीत जाऊ लागले, आणि घेणारे घेत होते.

मी मालकाच्या कचेरीत शिरलो तो पाना हातात घेऊनच. काय काय बोललो ते इथे लिहिण्याजोगे नाही. तो शांतपणे पान लावत होता. "मिस्त्री, पट्ट्याचा भाव दिला का नाई?"

"दिला."

"मंग?"

"बायांचा आकडा हातावर दाबला होता तुम्ही."

"कोणी पाह्यला?" त्याने विड्याची घडी घातली. "बैल विकल्यावर तो कोण्या नांगराले जुंपाचा, हे विकणारा सांगते का?"

माझ्यामागोमाग आलेल्या करीमभाईंनी माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि मला ओढत बाहेर आणले. "छोड दो भाऊ. मशीन बिक गई."

मी सोडलेले नाही. लोक म्हणतात, लिहून घ्यायला हवे होते. मी म्हणतो, का? ज्या रीतीवर माझ्या मुलखाने बैल घेतले, ती रीत खोटी कशी? रीत मोडणारा शहाणा आणि पाळणारा भोळा, हे गणित कुणी लावले? माझा राग त्या पुलीवर नाही. लोखंड बदलता येते. माझा हात अजून तो दाब विसरत नाही, हे माझे दुःख आहे.

गोदाबाई दुसऱ्या खाणीवर गेली. तिथे अजून टोपल्याच होत्या. वर्षभराने त्याच खाणीच्या व्यवस्थापकाने मला बोलावले. माझ्या पट्ट्याची कीर्ती तिथवर गेली होती. या वेळी दुपट्टा नको म्हणालो. ढिगाजवळ उभा राहिलो आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात अट सांगितली: इतक्या बाया पट्ट्याशी बसतील, आणि पुलीला माझ्याशिवाय कुणी हात लावणार नाही. तो गृहस्थ हसला. "मिस्त्री, तुम्ही यंत्र विकायला आलात की खाण चालवायला?" मी घासाघीस करू शकलो असतो. आयुष्यभर दुसरे केले काय! पण अटीतला एक शब्दही मला कमी करवेना. तो कचेरीकडे निघून गेला.

गोदाबाई टोपली कमरेला टेकवून जवळ आली. "मोडला सौदा?"

"मोडला."

"त्याले हाकललं का तू?"

"तोच गेला."

तिने फडक्याची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली, हाताने चाचपून नीट बसवली. "मंग आमचं काम राह्यते म्हना," ती म्हणाली, आणि ओळीत जाऊन उभी राहिली.

धुके अजून विरले नव्हते. ती फळीवर चढू लागली. कललेली मान ओझ्याखाली आणखी कलली. ज्या डोक्यावरून ती टोपली उतरावी म्हणून मी माझ्या आयुष्यातली सगळी बुद्धी खर्चली, त्याच डोक्यावर ती आहे हे पाहून माझा जीव भांड्यात पडावा! हे सुख कुणाला सांगावे, आणि कुठल्या तोंडाने? फळी तिच्या पावलाखाली वाकली, पुन्हा सरळ झाली, आणि तिच्या मागची बाई चढली.