सात जणींचं एकच अंग

आमच्या मंगाचा, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रकथेचा, नायक तलवार धरायचा ती झाडू धरल्यासारखी. हे मी चिडून सांगते आहे, आणि चिडायचा मला हक्क आहे, कारण त्या तलवारीला शाई मी लावायचे. सात वर्षं लावली.

गोष्ट काय, तर राक्षसांच्या राज्यात एक बावळट तरुण फिरत असतो. वाटेत एकेक तलवारबाज तरुणी त्याला आडवी येते. लढाई होते, तो कसाबसा जिंकतो, ती लगेच त्याच्या प्रेमात पडते आणि बाडबिस्तरा घेऊन त्याच्या घरी मुक्कामाला येते. अशा सात जणी जमल्या. मग न्हाणीघरात आधी कोण जाणार यावरून तलवारी उपसायच्या, त्याच्या शेजारी कोण बसणार यावरून उपसायच्या, आणि फारच कंटाळा आला की एखादा राक्षस मारायचा. वाचणारे पोट धरून हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

त्या सातही जणी म्हणजे एकट्या तलवारबाई.

बाई बावन्न वर्षांच्या. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलींना तलवारबाजी शिकवायच्या. उजवा गुडघा कायम सुजलेला, चष्म्याला मागून दोरी. आठवड्यातून दोनदा स्टुडिओत यायच्या आणि पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या राहायच्या. साहेब, म्हणजे आमचे चित्रकार, सांगायचे, "बाई, आज तिसरी. चिडलेली." की बाई तिसरी व्हायच्या. तिसरी डावखुरी, पाचवी बुटकी म्हणून खालून वार करणारी, सातवी दोन तलवारींची. मी फोटो काढायचे, फोटोवर पातळ कागद ठेवून अंग गिरवायचे, आणि साहेब वर मोठ्या डोळ्यांचं, विशीतलं डोकं बसवायचे.

नायकासाठी मात्र साहेब स्वतः उभे राहायचे. "तो माझ्या आतला आहे, दुसऱ्याला जमणार नाही," म्हणायचे. पोट आत ओढून, आरशात बघत. म्हणून तो झाडू.

बाईंचे यजमान शिलाई मशीन दुरुस्त करायचे. प्रत्येक अंक आणून ते गिऱ्हाइकांना दाखवायचे. "सात बायका आहेत माझ्या, पण चहा मलाच करावा लागतो!" बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. अंकाच्या पहिल्या पानावर सगळ्यांची नावं छापून यायची, साहेबांच्या मांजराचंसुद्धा. बाईंचं कधी आलं नाही. मी दोनदा विषय काढला, तर साहेब बाईंच्या समोरच म्हणाले, "अगं, उभं तर राहायचं असतं फक्त."

बाई ऐन उमेदीत असताना दोन वर्षं बायकांच्या स्पर्धाच भरल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी भरल्या, तेव्हा गुडघा गेला होता. आपण जिंकलो आणि चार लोकांनी पाहिलं, असा एकही दिवस त्यांच्या वाट्याला आला नव्हता. हे त्यांनी मला एकदा गुडघ्याला पट्टी बांधता बांधता सांगितलं, हवापाण्याचं बोलावं तसं. माझ्या मात्र डोक्यातून ते गेलं नाही.

मग शेवटचं प्रकरण आलं.

"सातही जणी एकेक करून नायकाच्या पायाशी तलवार ठेवतात," साहेब म्हणाले. "गुडघे टेकायचेत, बाई. उशी देतो खाली."

"का ठेवतात?"

"प्रेमापोटी."

"हरल्यात का?"

"अहो, मनाने हरल्यात."

"मनाचं मला सांगू नका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "सात वर्षं बघतेय. प्रत्येक लढाईत ऐन वेळी धूर येतो, नाहीतर वारा सुटतो, आणि पुढच्या पानावर हा ठोंब्या जिंकलेला! कसा जिंकतो ते आज दाखवा मला. या समोर. एकदा जरी तुमची तलवार मला लागली, तर सात वेळा गुडघे टेकते. नाही लागली, तर एकीनेही तलवार खाली ठेवायची नाही. आणि जे घडेल ते छापायचं."

साहेबांना गंमत वाटली. "दिला शब्द," म्हणाले. मला म्हणाले, "फोटो काढ गं, मजा येईल."

सरावाच्या बोथट तलवारी होत्या. पहिल्या जणीसारख्या बाई उभ्या राहिल्या आणि साहेबांची तलवार कपाटावर आदळली. दुसरीसारख्या लढल्या, तलवार दाराबाहेर. तिसरीच्या वेळी डाव्या हाताने. पाचवीच्या वेळी दुखऱ्या गुडघ्यावर वाकून खालून असा वार काढला, की साहेब "आई गं" म्हणून मनगट धरून बसले. सातव्या वेळी ते खुर्चीला अडखळून चारी मुंड्या चीत. बाईंना धाप लागली होती, चष्मा घामाने धूसर झाला होता. तशाच मला म्हणाल्या, "आले ना गं सगळे फोटो?"

"सगळे आले, बाई."

तिसऱ्या दिवशी साहेबांनी फोटो टेबलावर पसरले. "काय उतरलेत! एक कर. डोकी बदल."

मला कळेना.

"बाईंच्या अंगावर नायकाचं डोकं. माझ्या अंगावर त्या पोरींची. थोडं इकडेतिकडे कर, बाकी रेष तीच ठेव."

"तुम्ही शब्द दिला होता, साहेब."

"पाळतोय की! कोण खाली ठेवतंय तलवार? तो उडवतोय."

तिथेच बोरू आपटून निघायला हवं होतं. मी निघाले नाही. चार दिवस बसून बाईंच्या खांद्यांवर मी त्याची मान जोडली. सुजलेला गुडघासुद्धा रेषेत सरळ केला. साहेबांचा राग येतो तेवढाच मला माझ्या या हाताचा येतो, आणि तो काही केल्या उतरत नाही.

अंक तुफान गेला. पत्रांचा पाऊस पडला. 'अखेर आपल्या नायकाला तलवार धरता आली!'

मी अंक घेऊन शेडमध्ये गेले. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, एवढीच माझी लायकी उरली होती. मुली गेल्या होत्या. बाईंनी उभ्या उभ्या पानं उलटली. कुठलाही पाय, कुठलंही मनगट ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. सातव्या लढाईशी त्या थांबल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

काहीतरी बोलावं म्हणून मी पुढे झाले आणि नायकाच्या डोक्यावर अंगठा ठेवला. "बघा ना बाई. एवढं झाकलं की तुम्हीच आहात. तुम्हीच जिंकलात."

बाईंनी माझा अंगठा धरून बाजूला केला. हळूच नाही.

"किती प्रती निघाल्या?"

"चाळीस हजार."

"मग जा," त्या म्हणाल्या. "एकेकाच्या घरी जा, आणि तो वाचून होईपर्यंत अंगठा ठेवून उभी राहा. उभं तर राहायचं असतं फक्त."