कूलरपुढची जागा

नागपुरात मे महिन्यात आजारी पडण्यात एक मोठी अडचण आहे. कुणाच्या लक्षातच येत नाही. दुपारची जेवणं झाली की अख्खं शहर खिडक्या-दारं लावून कूलरपुढे आडवं होतं. मीही व्हायचे. सकाळीही आडवीच असायचे आणि संध्याकाळीही. ऊन लागलं असेल म्हणून आईने मला कैरीचं पन्हं पाजलं, तळपायांना कांदा चोळला. मी कांद्याच्या वासात पडून राहिले.

पुढे थंडी आली. कूलर गच्चीवर गेला आणि मी मात्र त्या रिकाम्या खिडकीपुढे तशीच. तेव्हा आई म्हणाली, "काहून पडून राहिली वं? आता कुठं ऊन आहे?" मला रडूच आलं. तीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

नैराश्याच्या गोळ्यांनी रडणं थांबलं, पण अंगातला थकवा काही हलेना. उठून दात घासायचे तर आदल्या रात्रीपासून मनाची तयारी. मग डॉक्टरांनी रक्तदाब तपासून, बरंच काही विचारून, जुन्या गोळीच्या जोडीला एक उत्तेजक गोळी दिली. ती सकाळीच घ्यायची, उशीर झाला तर रात्रीची झोप उडेल, असं बजावलं. आईने ते इतकं मनावर घेतलं, की देवापुढे दिवा लावताना ती माझी गोळीही काढून ठेवू लागली.

गोळी म्हणजे जादू नव्हती. पण हळूहळू मी उठू लागले, नोकरीवर जाऊ लागले. पुन्हा मे आला. रविवारी दुपारी सगळं घर घोरत असताना मी स्वयंपाकघरात डबे घासायला काढायचे. बाबा उशीत तोंड खुपसून म्हणायचे, "डॉक्टरले सांगा, थोडी कमी करा म्हणा." शेवटी आई उठून आली. "गोळी तुले दिली का आमाले? निज आता."

खरं तर दोष गोळीचा नव्हता. मला आडवं व्हायचीच भीती वाटत होती. एकदा पाठ टेकली आणि पुन्हा उठताच आलं नाही तर? डब्याचं झाकण हातात धरून मी आईला हे सांगितलं. ती जाऊन आपल्या चटईवर थोडी सरकून झोपली. "ये. मी उठवीन नं तुले."

मी टेकते न टेकते तोच तिचं घोरणं सुरू झालं. उठवणारीच झोपली, म्हटलं, आता झालं कल्याण. कूलरचे थेंब मधूनच तोंडावर उडत होते. माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. मी उठले, चहा टाकला, कप घेऊन आले. आई टक्क डोळे उघडे ठेवून पडली होती.

"झोपली नाहीस? मघाशी तर घोरत होतीस!"

"तू उठते का, ते पाहून राहिली होती," ती म्हणाली, आणि चहाला हातही न लावता कूस बदलून झोपून गेली.