निळ्या पट्ट्यांचं थान

जुन्या जालन्यातल्या त्या कापडवाल्या शेठजींच्या तोंडून 'न्हाई' कधी कुणी ऐकलं नव्हतं. गादीवर बसून नकार दिला की लक्ष्मी उठून जाते, असं ते मानायचे. दुकानात नसलेल्या मालालाही मांडीवर थाप मारून म्हणायचे, "उद्या येऊन राह्यला, बिलकुल!"

मी ज्या अनाथालयात लेकरं सांभाळायचे, तिथं दर दिवाळीला ते निळ्या पट्ट्यांचं थान, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, फुकट पाठवायचे. त्या पट्ट्यांवरून आमची लेकरं बाजारात लांबूनच अनाथ म्हणून ओळखू यायची. मी कुरकुरले की शेठजी म्हणायचे, "बाई, कपडा मजबूत हाय, बराबर?"

निजाम गेला आणि काही वर्षांनी अनाथालयाचं बालसदन झालं. लेकरं गावातल्या शाळेत जाऊ लागली. विधवा आयांच्या लेकरांना घरीच मदत पोचू लागली. त्या दिवाळीला ज्याचा कपडा त्यानंच निवडायचा, असं ठरलं!

सगळी पलटण घेऊन मी दुकानात गेले. शेठजी इतके हरखले की लेकरांना गिऱ्हाइकासारखं गादीवर बसवून त्यांनी थानांवर थानं उलगडली. लाल, हिरवी, फुलाफुलांची! लेकरांनी कशालाच हात लावला नाही. मग सगळ्यांत धाकट्या पोरीनं फळीवरच्या निळ्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं.

"आमचं ते असतंय."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

शेठजींनी ते थान ओढून मांडीखाली दाबलं आणि बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले, "न्हाई! ते दुकानात न्हाई! दुसरं बोला, जल्दी!"

धाकटीनं पिवळ्या फुलांना हात लावला, आणि मग गादीवर अशी झुंबड उडाली! शेठजींच्या मांडीखालून निळी पट्टी बाहेर डोकावत होती, पण तिकडं बघायला कुणाला सवडच नव्हती.