कॉम्प्युटरला झोपू न देणारी आई

वासणा भागातल्या आमच्या घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. माझा मोठा भाऊ, दादा, कॅनडात असतो. बहुतेक रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो, तोही कॉम्प्युटरवरच. मोबाइलवर तो आईला पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो म्हणे. वेळ मात्र ठरलेली नाही. साहेबांना सवड झाली की येतो. मध्येच कधी आला तर, म्हणून आई कॉम्प्युटर दिवसभर सुरू ठेवायची. दुपारी मी शाळेत शिकवून घरी यावं, तर त्याची गरम हवा खोलीभर.

शेवटी मी पॉवर सेव्हिंग लावलं. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की तो झोपणार. झोपला की कॉलची घंटीही वाजत नाही, हेही आईला सांगितलं. तिथेच चुकलं.

त्या रविवारी ती मेथी निवडायला कॉम्प्युटरपुढेच बसली. चार काड्या निवडायच्या आणि माउस हलवायचा. हलवायचा कसला, तान्ह्या बाळाला थोपटावं तसं थोपटत होती.

"आपणच लावू ना फोन," मी म्हटलं.

"कामात असला तर? कशाला त्याला त्रास?"

"मग किती वेळ हलवत बसणार?"

"हमणांच, आत्ताच तर हलवलाय. तू जा, तुझं आवर."

मी जळले, स्पष्टच सांगते. सिलेंडर मी आणायचा, डॉक्टरकडे मी न्यायचं. तिच्या डोळ्यांत थेंब मी घालायचे आणि त्या डोळ्यांनी तिने दादाला बघायचं. मी घामाघूम होऊन दारात उभी राहते, तेव्हा ही कडी काढते आणि मागे वळूनही न बघता टीव्हीपुढे जाऊन बसते.

मेथी निवडून संपायच्या आत कॉल आला. दादा वाळलाय असं तिला वाटलं. मला तर चांगला गरगरीत दिसला. पाच-सात मिनिटं बोलून तो गेला आणि आईचा चेहरा नुसता फुलला होता.

मला राहवलं नाही. "माझी अशी वाट बघितलीस कधी?"

तिने देठं गोळा करता करता सहज सांगितलं, "तुझी कशाला बघायची? तू येतेसच की."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, एकदा न येऊनच बघावं.