झपाटा आली

१७ जानेवारी. दुसऱ्या दिवशी पोलिओचा रविवार होता आणि मी, उपकेंद्राची नर्स, पायरीवर बसून लसीचा निळा डबा सोड्याने घासत होते. झाकणाच्या आतल्या बाजूला जाड शाईत लिहिलेलं होतं: झपाटा. तेरा वर्षं मी ते अक्षर घासून काढत आले आणि तेरा वर्षं तो ते परत लिहीत आला. यंदा मी तेवढा भाग सोडून बाकीचा डबा घासला. परत लिहिणारा आता गावात नव्हता.

संतपूरच्या दवाखान्यातून लस भरून आमच्या उपकेंद्रात आणि तिथून पुढे धनगरवाडीत डबा पोचवण्याचं काम त्याचं. वय चाळिशीपुढचं, पोट सुटलेलं, सायकल कुरकुरणारी. पण वाडीच्या तोंडाशी पोचला की हँडल सोडून दोन्ही हात वर करायचा आणि बोंब ठोकायचा, “झपाटा आलीऽऽ!”

घरी कन्नड. मराठी फाडफाड बोलायचा, पण आला, आली, आलं या तिघांशी त्याचं कधी जमलं नाही. त्याच्याकडे बस यायचा आणि पाऊस यायची.

“अण्णा, झपाटा आला म्हणा. आली कामून म्हणायलाव?”

“पोरं हासायलेत का न्हाई, अक्का? मग बराबर हाय.”

पोरं नुसती हसायची नाहीत, धावत बाहेर यायची. त्याचं महत्त्व तुम्हाला सांगायला हवं. वाडीतली मेंढरं आठच्या आत निघायची. त्यांच्यामागे बाया कडेवर लेकरं घेऊन निघायच्या आणि मग कोण कुठल्या माळावर गेलं याचा पत्ता लागायचा नाही. आम्ही नंतर घरोघर फिरलो तरी दारांना कड्याच. डोस पाजायचा तर आठच्या आत. मी शिट्टी वाजवून पाहिली, थाळी वाजवून पाहिली. बाया ओसरीतूनच म्हणायच्या, “न्हाई, आज न्हाई.” त्याच्या एका हाकेवर मात्र अख्खी वाडी दारात.

हा झपाटा त्याने उदगीरच्या बाजारातून आणला होता. जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला तीन पातळ, रंगीत कॉमिक्स सापडली. झपाटा नावाचा वीर, वाऱ्यापेक्षा वेगाने पळणारा. गंमत अशी की तिन्ही पुस्तकांत झपाटा वेगळाच. एकात टकला म्हातारा, दुसऱ्यात त्याचा भाचा, तिसऱ्यात कुणी तारखात्यातला कारकून. मला वाटलं, छापणाऱ्याने घोळ घातला.

“घोळ न्हाई ओ,” तो जवळजवळ उडालाच. “झपाटा एक माणूस न्हाई. आपल्या मठासारखं हाय. एक अप्पा जातेत, दुसरे अप्पा गादीवर बसतेत. नाव त्येच!”

“मठाचं ठीक आहे. पण नुसत्या नावाने पळता कसं येतं?”

“पैलं नाव घ्यायचं, अक्का. पळणं मागून येतंय.”

चौथा झपाटा कोण, हे त्याला कळलं नाही. ते पुस्तक त्याने बिदरला शोधलं, कलबुर्गीला शोधलं, गाणगापूरला दर्शनाला गेला तेव्हा तिथल्या दुकानांतही विचारलं. तिथे त्याला पोथ्या दाखवल्या.

एका वर्षी वाटेतच सायकलची साखळी तुटली. मी वाडीत उभी, घड्याळात आठ वाजत आलेले, मेंढरं हललेली, धूळ उठलेली. मी हातवारे करत होते, माझ्याकडे कोण बघतो! तेवढ्यात ज्वारीच्या पिकातून आधी निळा डबा दिसला, मग त्याखालचं डोकं. बांधावरून उडी, एक चप्पल चिखलात, आणि आरोळी: “झपाटा आलीऽऽ!” मेंढरं उधळली. पोरं किंचाळत उलटी आमच्याकडे पळाली. एक म्हातारी मेंढक्यावर ओरडली, “आरं थांब की! झपाटा आलीय, दिसंना का तुला?”

अकरा लेकरांना डोस मिळाला. तो मातीत फतकल मारून धापा टाकत होता. म्हणाला, “अक्का, किती मिन्टं लागली?” मी घड्याळ पाहिलंच नव्हतं. म्हटलं, “चार.” त्याचा चेहरा असा उजळला, की खोटं बोलल्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही.

दिवाळीनंतर मुलाने त्याला पुण्याला नेलं. तिकडे बांधकामावर राखणीचं काम होतं. जाताना बसच्या खिडकीतून म्हणाला, “डबा तुमच्याकडं हाय. नाव बी ठिवून चाललोय.”

“मला काय करायचंय नाव? माझे गुडघे बघा.”

“मागून येतंय,” तो म्हणाला, आणि बस हलली.

१८ तारखेला, रविवारी सकाळी, जीपने लस आणि बर्फ आणून दिला; तो मी घासलेल्या डब्यात भरला. वाडीची वाट जीपची नव्हे, आणि अंगणवाडीच्या बाईंना बूथ सोडता येईना. मी साडीचा पदर खोचला, पट्टा खांद्यावर अडकवला आणि निघाले. ओढा ओलांडला तेव्हा आठला दहा मिनिटं होती. माळावर धूळ उठलेली.

“पोलिओ डोऽस!” मी ओरडले. एक मान वळली नाही. “अहो, थांबा!” मेंढरंसुद्धा थांबली नाहीत.

मी डबा डोक्यावर घेतला, पायांतल्या चपला काढल्या आणि ढेकळांतून पळत सुटले.

“झपाटा आलीऽऽ!”

तेरा वर्षांत ते वाक्य पहिल्यांदाच बरोबर होतं. धुळीतून आधी एक पोर बाहेर आलं, मग तीन, मग सगळीच, उलटी माझ्याकडे पळत. मी मातीत बसून डबा उघडला. बर्फ अजून दगडासारखा होता.