दोनशे खुर्च्या आणि अर्धा कोयता

माझ्या हातून झालेला सगळ्यात नीटनेटका मूर्खपणा आधी सांगून टाकते. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी विद्यार्थी विभागात क्लार्क होते, आणि मी पालक मेळावा ठेवला तो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. दिवाळी झाली की जिथली निम्मी गावं ऊसतोडीला जातात, तिथं! मंडप घातला, माइक लावला, दोनशे खुर्च्या मांडल्या आणि मोठं पातेलं भरून शिरा केला.

बाहेरगावची असते तर एकवेळ माफ होतं. पण मी इथलीच. सासर बागायतदारांचं, संस्थेत दीर, म्हणजे नोकरी माझ्याकडं चालत आलेली. दरवर्षी आमच्याच दारावरून माणसांनी भरलेले ट्रॅक्टर जायचे. वर गोधड्या, भांडी, शेळ्या, पोरं. मी ओट्यावर चहा पीत बघायचे. पाच-सहा महिन्यांनी तेच परत येताना बघायचे. मधल्या दिवसांत ही माणसं कुठं असतात, हा प्रश्न मला कधी पडला नाही. अंबाडा तेवढा मोठा घालायचे. आतल्या डोक्याचा पत्ता नव्हता.

वर नोटिसाही मीच लिहिलेल्या. ‘पालक उपस्थित न राहिल्यास पाल्याचे नाव पटावरून कमी करण्यात येईल.’ नाव कमी करायचा मला काडीचा अधिकार नव्हता. पण ते वाक्य मला इतकं आवडलं, की पोस्टात टाकण्याआधी मी ते दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं.

मेळाव्याला अकरा माणसं आली. सगळी म्हातारी. त्यातले एक आजोबा रेशनचं काही असेल म्हणून आलेले. प्राचार्य माइकवर “उपस्थित पालकवर्ग” म्हणाले आणि माझ्याकडं असं बघितलं, की शिरा तिथंच गार झाला.

त्या अकरांत नांदूरघाटाकडची एक आजी होती. माझी नोटीस घडी घालून कमरेला खोचलेली. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हती.

“बाई, नातीचं नाव काटलं का?”

“नाही आजी. तिचे आईवडील का नाही आले?”

“बाप गेलाय तोडीला. सुनंचा हात मोडलाय, ती घरी हाय. एका कोयत्याला दोन मान्सं लागत्यात बाई. गड्यानं ऊस तोडायचा, बाईनं मोळ्या बांधायच्या. आईच्या जागी पोरगी गेली. कावून विचारताव? तुमाला ठावं न्हाई?”

खरंच ठावं नव्हतं. मी ऑफिसात जाऊन रजिस्टर काढलं. पोरगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला, पहिल्या वर्षी वर्गात पहिली. दिवाळीपासून पुढं तिच्या नावासमोर लाल शाईत ‘गै’, ‘गै’, ‘गै’, माझ्याच वळणदार अक्षरात. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आठ दिवसांवर, आणि फॉर्मवर तिची सही नाही. सही नाही तर परीक्षा नाही, आणि वर्ष गेलं की पोरगी गेली. जुनी रजिस्टरं उघडली तर तिथंही तसंच. दिवाळीनंतर लाल शाई, पुढच्या वर्षी नावच नाही. आणि मी समजत होते, पोरी आळशी आहेत.

प्राचार्य म्हणाले, “रजा टाकून जा. तुम्ही सही आणा, हजेरीचं मी बघतो.”

आजीकडून टोळीचा ठावठिकाणा घेतला आणि पहाटेची एसटी धरून नगरकडं गेले. तिथून दुसरी गाडी, तिथून पुढं फडापर्यंत पायी. अंगावर इस्त्रीची साडी, हातात पर्स, डोळ्याला गॉगल. टोळीचा मुकादम मला बघून म्हणाला, “सिनेमावाल्या हाव का?”

पोरगी मोळ्यांच्या मागून बाहेर आली. पाचटानं हात चिरलेले. नमस्कार नाही, काही नाही. “मॅडम, नाव काटलं ना माझं?” एवढंच. घरच्यांनी फोनवर माझी नोटीस तिला वाचून दाखवली होती. मी जीभ तुकडा पडेल इतकी चावली.

हात धुऊन तिनं सही केली. बाप म्हणाला, “सही घ्या बाई, पर पेपराला ती यायची कशी? पंधरा दिस माजा कोयता अर्धा पडंल.”

मुकादम हसला. “तुमी येता का बदली? मोळ्या बांधायला?”

“येते,” मी म्हणाले. माझा तोंडाळपणा असा ऐन वेळी पुढं धावतो. पर्स बांधावर ठेवली, पदर खोचला आणि वाढ्याला, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याला, पीळ देऊन, बाया बांधत होत्या तशी मोळी बांधली. डोक्यावर घेतली. चार पावलांवर ती सुटली आणि सगळा ऊस मुकादमाच्या पायांवर.

अख्खा फड हसला. एक बाई हसता हसता खाली बसली. “आगं बया, ही अशी बांधाया लागली तर कारखाना पुढच्या दसऱ्याला बी बंद व्हायचा न्हाई!” मग डोळे पुसत उठली आणि म्हणाली, “ऱ्हाऊ द्या बाई. हिच्या मोळ्या आमी वाटून घिऊ पंधरा दिस. तुमी तिच्या पेपराचं बघा.”

बापानं मुकादमाकडं बघितलं. मुकादम पायावरचं पाचट झटकत म्हणाला, “बायांनीच ठरवल्यावर मी कोण?”

मार्चमध्ये पोरगी आली. आमच्या घरी राहिली, सगळे पेपर दिले आणि पुन्हा पहिली आली. निकालाचा कागद मी अख्ख्या स्टाफरूममध्ये असा नाचवला, जसे काही पेपर मीच लिहिलेले.

त्याच उन्हाळ्यात मी प्राचार्यांकडून जिन्याखालची जागा मागून घेतली. एक टेबल, दोन स्टुलं आणि पेंटरकडून रंगवलेली पाटी: ‘विद्यार्थी मदत कक्ष’. जुन्या रजिस्टरांतली लाल शाईची नावं उतरवून घेतली आणि घरोघर गेले. चौघी परत आल्या. त्रेचाळिसाव्या वर्षी समुपदेशनाची पदविका बाहेरून केली. माझा स्वतःचा परीक्षा फॉर्म मी शेवटच्या दिवशी, खिडकी बंद होता होता भरला. चालत आलेली क्लार्की सुटली आणि चालत जाऊन मिळवलेलं काम हाताला लागलं. निवृत्त होईपर्यंत ते टेबल सोडलं नाही.

पण मी जिंकले ते त्याआधीच. जिन्याखाली टेबल टाकलं त्याच वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर, तो मुकादम कॉलेजात आला. भांडायला आला असेल म्हणून शिपाई त्याच्या मागोमाग. मुकादमानं टोपी काढली, स्टुलावर बसला, खिशातून वही काढली आणि म्हणाला, “बाई, परीक्षेच्या तारखा आदी लिवून द्या. औंदा माज्या टोळीत कालेजच्या तीन पोरी हायत. कुणाच्या मोळ्या कुणी बांधायच्या, ते बायांनी आत्ताच ठरवलंय.”