पुलावरचं निर्माल्य

काकूंनी पिशवी पुलाच्या जाळीवरून खाली सोडली तेव्हा मी फोटो काढला. पिशवी मुसी नदीच्या काळ्या पाण्यात पडली. काकूंनी हात जोडले आणि पुटपुटल्या, "सांभाळून घे गं, गंगामाई."

हैदराबादेत मराठी! मी दचकले.

मलकपेठजवळचा हा पूल म्हणजे आमच्या महापालिकेच्या ऑफिसच्या भाषेत 'पॉइंट'. लोक पुन्हा पुन्हा कचरा टाकतात ती जागा. तिथे उभं राहायचं, टाकणाऱ्याचा फोटो घ्यायचा आणि फोनवर चलान, म्हणजे दंडाची पावती, बनवायची. बी.ए. करताना मिळालेलं तीन महिन्यांचं काम. शेवटी सर्टिफिकेट. आमच्या घरात आजवर छापील नाव आलं ते फक्त रेशनकार्डावर.

"काकू, इथे टाकता येत नाही. चलान करावं लागेल."

"अगं, तू मराठी? कुठली गं?"

"बोधनकडची, महाराष्ट्राच्या सीमेजवळची."

"मग तुला सांगायला हवं का? देवाची फुलं कचराकुंडीत टाकतात होय?"

मला कळत होतं. माझी आई अजून फुलांची परडी घेऊन मांजरा नदीवर जाते. कामावरच्या दोन महिन्यांत मला कुणी 'अगं' म्हटलं नव्हतं. वाटलं, फोटो पुसून टाकावा.

तेवढ्यात सुपरवायझर सर आले आणि मला म्हणाले, "क्या अम्मा, रिश्तेदार हैं क्या? छोड़े तो सर्टिफिकेट भूल जाओ."

"नई सर."

मी नाव विचारलं. काकूंनी सांगितलं. मी छोट्या प्रिंटरवर निघालेलं चलान त्यांच्या हातात दिलं. तेव्हा त्या हिंदीत म्हणाल्या, "हो गया, मैडम?"

रात्री नीट जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये लिहिलं की फुलांसाठी वेगळा ड्रम हवा. सर हसले. "कल अगरबत्ती का भी मांगेंगे." पण आठवड्याने त्यांनीच एक जुना ड्रम आणून ठेवला. मी त्यावर तेलुगूत लिहिलं, आणि खाली मराठीत 'निर्माल्य'. आता फुलं बागेच्या खतात जातात. त्या पॉइंटवर चलान क्वचितच होतं.

मला एवढंच समजलं: दंडाने हात थांबतो, पण तो कुठे न्यायचा हे दाखवावं लागतं.

सर्टिफिकेट आईने देवघरात ठेवलंय. मी अजून त्याच पुलावरून कॉलेजला जाते. काकू दिसल्या की पाय आपोआप हळू पडतात. त्या ड्रममध्ये फुलं ठेवतात, हात जोडतात, माझ्याकडे बघून मान हलवतात.

"नमस्ते, मैडम."